कुठेच न जाणारी होडी

तीन मीटर. सर्फ कयाकच्या जागतिक स्पर्धेत ‘इंटरनॅशनल क्लास’ नावाच्या गटात उतरायचं असेल, तर होडी निदान तीन मीटर लांब हवी. बुडाला फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं, चालत नाही. बूड गोलसर फुगीर हवं, आत वळलेल्या पन्हळी नकोत. थोडक्यात, होडी होडीसारखी दिसली पाहिजे. शेजारीच दुसरा गट असतो, ‘हाय परफॉर्मन्स’. तिथे लांबीची अट नाही, फिन हव्या तर लावा, बूड पाटासारखं सपाट करा, कडा सुरीसारख्या ठेवा. खेळ एकच, लाट एकच, परीक्षकही तेच. तरी दोन होड्या वाळूवर शेजारी ठेवल्या तर नवख्या माणसाला त्या एका घरातल्या वाटणार नाहीत. एक लांबसडक आणि शांत. दुसरी आखूड, चपटी, नाक वर काढलेली, जणू सर्फबोर्डलाच कुणी कंबरेएवढं भोक पाडून त्यात माणूस बसवला आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही (आणि मराठीत तो ठाऊक असण्याचं फारसं कारणही नाही) त्यांच्यासाठी दोन ओळी. सर्फ कयाकमध्ये माणूस पाय पुढे पसरून होडीच्या आत बसतो. कंबरेभोवती रबरी घेराचा झगा होडीच्या काठाला घट्ट बसवलेला असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. लाट फुटायच्या बेतात आली की तो तिच्या उतारावर होडी सोडतो आणि फेसाच्या पुढे पुढे, लाटेच्या भिंतीवरून आडवा, वर, खाली फिरत राहतो. लाट संपली की वळून पुन्हा आत. दिवसभर हेच. संध्याकाळी होडी जिथून निघाली तिथेच असते.

या होडीचा आकार गेल्या साठेक वर्षांत इतका का बदलला, याचं उत्तर मला या शेवटच्या वाक्यात दिसतं. होडी हजारो वर्षं कुठेतरी जाण्यासाठी घडत आली. पलीकडच्या तीरावर, सीलच्या मागे, मासळीच्या जाग्यावर. ज्या दिवशी कुणीतरी ठरवलं की आपल्याला कुठेच जायचं नाही, या एका लाटेवरच राहायचं आहे, त्या दिवशी होडीचा एकेक अवयव नव्याने जाब देऊ लागला. लांबी कशाला? कणा कशाला? पुढचं टोक इतकं निमुळतं कशाला?

लाटेत होडीचं काय होतं ते मी पुस्तकात वाचायच्या आधी अंगावर घेतलं होतं. सिंधुदुर्गात, देवबागच्या बाजूला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. भाड्याची प्लास्टिकची कयाक, वर बसायची, तळाला आरपार भोकं असलेली. नदीच्या शांत पाण्यात तासभर वल्हवल्यावर माणसाला स्वतःबद्दल गैरसमज होतात. मी ती समुद्राच्या बाजूला नेली आणि कंबरेएवढी एक लाट मागून आली. पहिले दोन क्षण फार सुंदर होते. मग होडीचं पुढचं टोक खालच्या सपाट पाण्यात रुतलं, मागचं टोक लाटेने उचललं, आणि होडी दार फिरावं तशी फिरून लाटेला आडवी झाली. पुढचं सांगण्यासारखं नाही. नाकातोंडात वाळू गेली. काठावर जाळं निवडत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी मी उभा राहीपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, “लाटेक तोंड दी नायतर पाठ दी. कूस दिव नको.”

सर्फ कयाकची सगळी रचना म्हणजे या वाक्याशी घातलेला वाद आहे. लाटेवर राहायचं तर कूस द्यावीच लागते. लाटेच्या भिंतीवरून आडवं धावायचं म्हणजे होडीची एक बाजू सतत लाटेकडे असणार. मग ती बाजू अशी घडवा की लाट तिला उलथवण्याऐवजी धरून ठेवेल. पण तिथे पोचायला बराच वेळ लागला, आणि वाट ग्रीनलंडहून आली.

ग्रीनलंडच्या इनुइट लोकांची कयाक, त्यांच्या भाषेत ‘कायाक’, घशातून उच्चारलेल्या ‘क’ची, ही माणसाच्या मापाने शिवलेली वस्तू होती. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, खिळा एकही नाही, सगळ्या गाठी. वरून सीलचं कातडं, जे बायका शिवत. मापं अंगावरची. लांबी साधारण तीन वावा, रुंदी नितंबांएवढी आणि वर दोन मुठी, खोली मूठ आणि ताठ अंगठा. शिकारी ती होडी अंगरखा घालावा तशी घालायचा. आणि खरोखरच कातडी अंगरख्याचा घेर होडीच्या भोकाच्या कड्यावर बांधून टाकायचा. उलटलं तर बाहेर पडायचं नाही, कारण त्या पाण्यात बाहेर पडणं म्हणजे मरणं. वल्ह्याच्या एका झटक्याने, कधी नुसत्या हाताने, पाण्याखालून फिरून पुन्हा वर यायचं.

हे उलटून सुलटणं युरोपीय माणसाला जमायला १९२७ साल उजाडलं. ऑस्ट्रियाचा एडी हान्स पावलाटा वर्णनं वाचून वाचून ते शिकला. पुढे इंग्रज शोधयात्री जिनो वॉटकिन्स १९३०-३१च्या मोहिमेत ग्रीनलंडमध्येच ते शिकला. ऑगस्ट १९३२मध्ये तो एकटाच सीलच्या शिकारीला गेला. होडी तरंगताना सापडली, तो नाही. लाटेवरच्या आजच्या कार्बनच्या होडीत लाकूड उरलं नाही, कातडं उरलं नाही, लांबीही उरली नाही. पण माणूस होडीत बसत नाही, होडी घालतो, ही ग्रीनलंडची गोष्ट तेवढी शाबूत आहे. सर्फबोर्डवाला पडला की पडला. कयाकवाला उलटतो, लाट डोक्यावरून जाऊ देतो आणि वर येतो.

ग्रीनलंडचा आकारही ब्रिटनला थेट पोचला. ग्लासगोचा विद्यार्थी केन टेलर १९५९ साली पश्चिम ग्रीनलंडमधल्या इल्लोर्सुइत या वस्तीत जाऊन राहिला आणि येताना तिथल्या कारागिराने त्याच्यासाठी बनवलेली कयाक स्कॉटलंडला घेऊन आला. तिची मापं काढली गेली, नकाशे हातोहात फिरले आणि पुढे त्याच वंशात फायबरग्लासची ‘आनास अक्युटा’ जन्मली. बुडाला ठळक कंगोरा आणि दोन्ही टोकं उचललेली अशी ही लांब समुद्री होडी भरती-ओहोटीच्या उसळत्या पाण्यात खेळणाऱ्यांची आजही लाडकी आहे. पाच मीटरच्या आसपासची होडी लाटेवर खेळवणं म्हणजे एसटी बस बोळातून वळवण्यासारखं. पण जे वळवतात त्यांचं वळवणं बघत राहावं असं असतं.

इथे थोडं गणित. पाण्यात चालणारी प्रत्येक होडी स्वतःची एक लाट तयार करते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते, आणि तिची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की होडी स्वतःच केलेल्या खड्ड्यात अडकते. नाळ, म्हणजे पुढचं टोक, चढणीवर, शेपूट उतारावर. म्हणून पाच मीटरच्या होडीला ताशी दहा किलोमीटरच्या पुढे रेटणं फार कष्टाचं, तीन मीटरच्या होडीला पावणेआठच्या, आणि सव्वादोन मीटरच्या होडीला पावणेसातच्या. आता किनाऱ्याजवळ, दोन मीटर खोल पाण्यात, समुद्राची लाट ताशी सोळाच्या वेगाने येते. म्हणजे कुठलीही होडी नुसत्या वल्ह्याच्या जोरावर तिच्याबरोबर धावू शकत नाही. मधली तूट भरून काढतो तो लाटेचा उतार. होडी त्यावरून घसरते. लांब होडीला कमी उतार पुरतो, म्हणून ती लाट लवकर, दूरवर, अजून मवाळ असताना पकडते. आखूड होडीला थांबावं लागतं, लाट अगदी उभी राहून कोसळायला येईपर्यंत. लांब होडी लवकर चढते, पण उभ्या लाटेत नाक खुपसते. आखूड होडी उभ्या लाटेत खूश असते, पण तिथे चढणं कठीण. सर्फ कयाकचे सगळे आकार या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी केलेला सौदा आहेत.

ब्रिटनमध्ये १९६०-७०च्या दशकांत, कॉर्नवॉलच्या ब्यूडसारख्या किनाऱ्यांवर, लोक समुद्रात घुसले ते नदीतल्या स्लॅलम होड्या घेऊन. स्लॅलम म्हणजे टांगलेल्या काठ्यांच्या फाटकांतून जाण्याची शर्यत. नियमाने होडी निदान चार मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद असावी लागे. काठ्यांखालून टोकं सरकवता यावीत म्हणून कारागिरांनी टोकं चपटी, पातळ करत नेली. या पातळ टोकांचं समुद्रात भलतंच झालं. माझं देवबागला जे चुकून झालं, ते हे लोक मुद्दाम करू लागले. नाक रुतवायचं, चार मीटरची होडी ताडासारखी उभी करायची, वर असताना अंगाला पीळ देऊन फिरवायची आणि आपटायचं. ‘लूप’ म्हणत त्याला. प्रेक्षक खूश. होड्या मधोमध मोडत, हे ओघाने आलंच. (स्लॅलमवाल्यांनी ती चार मीटरची अट २००५ साली साडेतीनवर आणली. नियमाच्या वहीत अर्धा मीटर हलायला किती वर्षं लागतात, याचा हा नमुना.)

लूप देखणे होते, पण तो लाटेशी केलेला संवाद नव्हता, आपटाआपटी होती. लाटेवर राहायचं कसं हे कयाकवाल्यांना शिकवलं दोन परक्यांनी, सर्फबोर्डने आणि नदीने.

नदीची गोष्ट आधी. नदीत खडकावरून पाणी कोसळलं की खाली एक लाट उभी राहते, जी जागची हलत नाही. पाणी तिच्यातून वाहतं. समुद्रातही असं क्वचित होतं. वेल्समध्ये रॅमझी बेटाजवळ ‘द बिचेस’ नावाचे खडक आहेत, भरतीचं पाणी त्यांच्यावरून नदीसारखं धावतं आणि उभ्या लाटा तयार होतात. तिथे १९९१ साली फ्रीस्टाइल कयाकची पहिली जागतिक स्पर्धा झाली. उभी लाट हे खेळणाऱ्याला वरदान, कारण तीच लाट दहा मिनिटं, तास, हवी तेवढी मिळते. एकच वळण शंभरदा घोटता येतं. आणि घोटता घोटता लक्षात येतं की गोल बूड पाण्याला चिकटून राहतं, सुटत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नदीवाल्यांनी बूड सपाट केलं. यात दक्षिण आफ्रिकेचा कोरन अॅडिसन, जो १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्लॅलममध्ये उतरला होता, त्याचं नाव ठळक घेतलं जातं. तळ्यात चपटी खापरी तिरकी फेकली की टप्पे घेत जाते, गोल गोटा बुडतो. तसंच. सपाट बूड वेगात पाण्याच्या वर उचललं जातं आणि घसरू लागतं. मघाचा खड्ड्याचा हिशोब तिथे लागूच होत नाही. म्हणजे लांबीची गरज संपली. जेमतेम दहा वर्षांत नदीतल्या खेळकर होड्या तीन-साडेतीन मीटरवरून दोन मीटरच्या आसपास आल्या. इतक्या की गुडघे, पाऊल आणि होडीचं टोक यांत फरक राहिला नाही. उंच माणसांनी त्या काळात पायाचे किती हाल करून घेतले ते त्यांनाच ठाऊक.

मग सर्फबोर्ड. फळीला खालून पातं लावायची कल्पना टॉम ब्लेकची, १९३५ सालची. एका मोडक्या स्पीडबोटीची पट्टी काढून त्याने आपल्या फळीच्या शेपटाला ठोकली. तोवर लाकडी फळ्या उभ्या लाटेवर शेपूट टाकून घसरत. एका पात्याने शेपूट धरलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन पाती लावली, दोन पुढे कडांजवळ तिरकी आणि एक मागे मधोमध, आणि १९८१ साली त्या ‘थ्रस्टर’वर उभा राहून बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. आजही जगातल्या बहुतेक फळ्या तीन पात्यांच्या असतात.

हीच तीन पाती आखूड कयाकच्या बुडाखाली आली तेव्हा काय बदललं? माझ्या मते इथे खरी कूस वळली. फिन नसलेल्या होडीत लाटेवर दिशा धरायची तर वल्हं मागे पाण्यात दाबून ठेवावं लागतं, सुकाणूसारखं. आणि दाबलेलं वल्हं म्हणजे ब्रेक. म्हणजे जितकं सावरायचं तितकं मंद व्हायचं, आणि मंद झालं की लाट सोडून जाणार. जुने खेळाडू हा तिढा हातांनी सोडवत, फार नाजूकपणे, पातं पाण्याला जेमतेम टेकवून. फिन आल्या आणि शेपटाला आपोआप धर मिळाला. वल्हं मोकळं झालं. आता वळायचं ते कमरेने. होडी एका कुशीवर कलवली की धारदार कड लाटेत रुतते, पातं धरतं, आणि होडी कडेवरून कमानीसारखी वळते. काकांनी सांगितलेली कूस लाटेला दिली जाते, आणि लाट ती पकडून ठेवते. वल्हं तेव्हा फक्त पुढच्या हालचालीची खूण करतं, वर्गात बोट वर करावं तसं.

फळीचा वारसा घेतला तरी कयाकला एक अडचण आहे जी फळीला नाही. उभा राहिलेला माणूस चालू शकतो. पुढचं पाऊल चार इंच सरकवलं की फळीचं वजन पुढे, वेग वाढला. मागे टेकलं की नाक वर. बसलेला माणूस सरकत नाही. त्याचं वजन आसनाला खिळलेलं. म्हणून सर्फ कयाक बनवणारा माणूस ज्या एका गोष्टीची सगळ्यात जास्त चिंता करतो ती फिन नाही, कड नाही. आसन कुठे ठेवायचं ही आहे. दोन बोटं पुढे गेलं तर प्रत्येक उभ्या लाटेत नाक बुडेल. दोन बोटं मागे गेलं तर लाट धरायलाच येणार नाही. हे सावरायला नाळेला वरच्या बाजूला केळीसारखा बाक देतात. बाक जास्त झाला तर होडी पाण्याला रेटत चालते, मंद होते. कमी झाला तर पुन्हा नाक. सत्तर किलोच्या माणसासाठी बरोबर असलेली होडी नव्वद किलोच्या माणसाला चुकीची असते. ग्रीनलंडचे शिकारी आपल्या नितंबांवरून रुंदी मोजत होते त्यात हेच शहाणपण होतं, आणि कारखान्यात साच्यातून निघणाऱ्या होडीला ते परवडत नाही.

साच्याचा विषय निघालाच आहे तर थांबू या, कारण कयाकची उत्क्रांती फळीपेक्षा मंद का, हे त्यातच दडलंय. फळी बनवणारा फोमचा ठोकळा घेतो, रंधा आणि सँडपेपरने दिवसात एक आकार काढतो, वर काच आणि रेझिन. चुकला तर दुसरा ठोकळा. पुढच्या आठवड्यात नवा प्रयोग. कॅलिफोर्नियातली ‘क्लार्क फोम’ ही या ठोकळ्यांची सर्वात मोठी कंपनी डिसेंबर २००५मध्ये एका दिवसात बंद झाली तेव्हा सगळ्या फळी-उद्योगाचा श्वास अडकला होता. एवढं त्या ठोकळ्यावर अवलंबून होतं. कयाक मात्र पोकळ. आधी पूर्ण आकाराचा एक ‘प्लग’ घडवायचा, तो आरशासारखा घोटायचा, त्यावरून तळाचा आणि वरच्या भागाचा असे दोन साचे काढायचे. मग प्रत्येक साच्यात काचेचं, कार्बनचं किंवा केव्हलरचं कापड रेझिनमध्ये भिजवून थर लावायचे. शेवटी दोन्ही अर्धे जोडायचे आणि आतल्या शिवणीवर, लांब काठीला ब्रश बांधून, माणूस बसतो त्या भोकातून हात घालून, टोकापर्यंत पट्टी चिकटवायची. हे काम मी चित्रफितीत पाहिलं आणि मातीच्या सुरईला आतून चुना लावण्यासारखं वाटलं. एवढं झाल्यावर आकार चुकला असं कळलं तर? साचा फेकून द्यायला छाती लागते. म्हणून चुकीचा आकारही वर्षानुवर्षं विकला जातो. अलीकडे संगणकावर आकार काढून यंत्राने फोममध्ये प्लग कापता येऊ लागला आहे. आसनाची जागा, बाक, कडेची धार एकेक मिलिमीटरने बदलून पाहता येते. हा बदल दिसत नाही, पण मला वाटतं पुढच्या होड्या यातूनच येतील.

प्लास्टिकच्या होडीची गोष्ट वेगळी. पॉलिएथिलिनची भुकटी धातूच्या साच्यात घालून भट्टीत गोल गोल फिरवतात, भुकटी वितळून भिंतींना चिकटते. १९७३मध्ये अमेरिकेत ‘रिव्हर चेझर’ ही अशी पहिली कयाक निघाली आणि खडकावर आपटून न फुटणारी होडी सामान्य माणसाच्या हातात आली. तिच्याशिवाय हा खेळ पसरलाच नसता. पण या पद्धतीने कडा नीट धारदार निघत नाहीत, आणि प्लास्टिक लवतं. लाटेवर लवणारं बूड म्हणजे चाकात हवा कमी असलेली सायकल. म्हणून स्पर्धेतल्या होड्या कार्बनच्या, हलक्या, आणि खडकाला घाबरणाऱ्या.

पोकळपणाचा धोकाही सांगायला हवा. अडीचशे लिटर आकारमानाची होडी पाण्याने भरली तर ती अडीचशे किलोची वस्तू होते, आणि लाट तिला किनाऱ्याकडे ताशी पंधराच्या वेगाने ढकलत असते. मध्ये पोहणारी मुलं असतात. म्हणून टोकांत हवेच्या पिशव्या कोंबून ठेवतात आणि नाळेचं टोक बोथट करतात.

सर्फबोर्डवाल्यांचा कयाकवाल्यांवर राग आहे तो काही अंशी यामुळे, आणि बराचसा मघाच्या गणितामुळे. लांब होडी लाट दूरवर पकडते. फळीवाले फुटणाऱ्या जागी रांगेत थांबलेले असतात, तोवर हा बसलेला गृहस्थ वल्हं मारत लाट घेऊन येतोही. अमेरिकेत या होड्यांना ‘गोट बोट’ म्हणून हिणवतात, बकऱ्यांची होडी. कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या स्टीमर लेन या प्रसिद्ध लाटेवर कयाकच्या स्पर्धा वर्षानुवर्षं भरत आल्या आहेत आणि कुरबुरही तितकीच जुनी. आखूड होड्यांनी ही कुरबुर नकळत कमी केली असावी. त्यांना फळीवाल्यांसारखंच उभ्या लाटेची वाट पाहत थांबावं लागतं. एका रांगेत उभं राहिलं की माणसं बरी वागतात, हे रेशनच्या दुकानाइतकंच इथेही खरं.

या खेळाची जागतिक स्पर्धाही मजेशीर. ऑलिंपिकशी तिचा संबंध नाही, पैसा नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे. बास्क लोकांचा स्वतःचा संघ. आणि जर्सी नावाचं शंभर-सव्वाशे चौरस किलोमीटरचं बेट, त्याचाही. २००७ची स्पर्धा बास्क प्रदेशातल्या मुंदाकाला झाली. मुंदाकाची डावीकडे फुटणारी लाट युरोपातल्या उत्तम लाटांत गणली जाते, आणि ती नदीने आणलेल्या वाळूच्या दांड्यावर उभी राहते. खाडीतला गाळ उपसल्यावर तो दांडा बिघडला, लाट गेली, आणि २००५मध्ये तिथली फळीवाल्यांची मोठी स्पर्धा रद्द करावी लागली. मग वाळू परत आली, लाटही परतली. आकार घडवणारे प्लगवर मिलिमीटर मोजत बसतात, आणि इकडे लाटेचा आकार एखादा उपसा करणारा ठरवतो.

सगळं आखूड आणि सपाटाकडेच चाललंय असं मात्र नाही. उलट वाराही वाहतो. समुद्री प्रवासाच्या लांब कयाकनी सर्फ होडीकडून शिकून घेतलं. इंग्लंडच्या ‘पी अँड एच’ कंपनीची ‘डेल्फिन’ ही पावणेपाच मीटरची होडी पाहा. प्रवासी होडीची लांबी, पण बूड मध्ये सपाट, कड ठळक आणि नाळेला भरपूर बाक. नदीवालेही चेंडूसारख्या ठेंगण्या होड्यांना कंटाळून पातळ, लांब शेपटाकडे परतले आहेत, जवळपास सत्तरच्या दशकातल्या स्लॅलम होडीचं शेपूट. आणि तीन मीटरचा तो इंटरनॅशनल क्लास अजून चालू आहे. त्याला म्हाताऱ्यांचा गट म्हणणारे आहेत. मला स्वतःला तोच पाहायला आवडतो. आखूड होडी लाटेवर हवेत उडते, गरकन फिरते, टाळ्या घेते. लांब होडी एकच मोठं वळण घेते, वरून खाली, आणि त्या वळणात लाटेचा सगळा आकार दिसतो. फिन नाहीत, त्यामुळे चूक लपत नाही.

लाटेसाठी होडी वेगळी घडवावी हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं कुणी समजू नये. मद्रासला धड बंदर नव्हतं तेव्हा जहाजं दूर नांगर टाकून उभी राहत आणि माणसं-माल मसुला होड्यांतून लाटा पार करून किनाऱ्यावर येत. मसुलाच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. वाळूवर आपटली की ती लवे, फुटत नसे. लाटेला धार दाखवण्याऐवजी लवचिकपणा दाखवणं, हा मार्ग कार्बनवाल्यांच्या नेमका उलट. आणि शेजारून चारदोन ओंडके बांधलेली ‘कट्टुमरम’ चालत, पडलेल्यांना उचलायला. कोकण-गोव्यातल्या होडीची उलांडी, बाजूला बांधलेला तो तरंगता ओंडका, कूस न उलटण्याची आणखी एक तोड. फरक एवढाच की या सगळ्यांना पलीकडे पोचायचं होतं.

आपल्या किनाऱ्यावर सर्फ कयाक रुजेल का? मला शंका आहे. जोरदार लाट असते ती पावसाळ्यात, तेव्हा वारा समुद्रावरून सरळ अंगावर येतो, लाटांना आकार राहत नाही, मासेमारी बंद असते आणि पर्यटकांच्या होड्याही वर ओढलेल्या. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळतो तेव्हा लाटही निवळते. उरतात मधले काही आठवडे, नदीमुखावरचे दांडे, आणि भाड्याच्या प्लास्टिकच्या होड्या.

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा देवबागला गेलो होतो. तेच काका, जाळं बहुधा वेगळं. मी त्यांना मोबाइलवर आखूड कार्बनच्या होडीची एक चित्रफीत दाखवली. माणूस लाटेच्या भिंतीवर चढला, कडेवर वळला, फेसावरून उडाला, परत आला. काकांनी मोबाइल उन्हातून सावलीत धरला.

“मगे ह्येत मासळी खंय ठेवतत?”

“मासळी नाही, काका. लाटेवरून खाली यायचं आणि परत आत जायचं.”

“परत? कित्याक?”

“दुसऱ्या लाटेसाठी.”

ते काही बोलले नाहीत. चित्रफीत संपली होती, त्यांनी बोटाने ती पुन्हा सुरू केली, होडी उभ्या लाटेवरून खाली घसरते तिथे डोळे बारीक केले, आणि मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, “नाळ मात्र बरी उचलल्यानी.”